1977 चा पराभव पुसला गेला, 1989 चा का नाही?

प्रश्न असा आहे: आणीबाणीनंतर 1977 मध्ये उत्तर भारतात काँग्रेसचा पार सफाया झाला, पण तीनच वर्षांत ती 353 जागा घेऊन परतली. 1989 मध्ये तर 197 जागांसह तीच सर्वांत मोठा पक्ष होती. तरी देशाची पक्षपद्धती बदलली ती 1989 च्या निवडणुकीने, असं अभ्यासक म्हणतात. हे उलटं नाही का? आणि एखादी लोकसभा निवडणूक पक्षपद्धती बदलते, तेव्हा नेमकं काय घडतं?

राज्यशास्त्र शिकवण्यात आणि निकालपत्रं वाचण्यात माझा बराच काळ गेला आहे, आणि याबद्दल माझं मत ठाम आहे. पराभव किती दणदणीत होता हे मोजून पक्षपद्धतीचं काहीच कळत नाही. हरलेल्या पक्षाला सोडून गेलेला मतदार पुढे कुठे राहतो, हे पाहावं लागतं. त्याला दुसरं हक्काचं घर मिळालं तर तो परत येत नाही आणि जुना डाव कायमचा मोडतो. घर मिळालं नाही तर राग ओसरल्यावर तो जुन्याच दारात उभा राहतो. 1977 मध्ये मतदार मांडवात जाऊन बसला होता. 1989 नंतर त्याने घर बांधलं.

आधी एक फरक स्पष्ट करतो, कारण चर्चेत तो नेहमी गुळगुळीत होतो. सरकार बदलणं वेगळं आणि पक्षपद्धती बदलणं वेगळं. लढत कोणाकोणात होते, निकालानंतर कोण कोणाबरोबर बसू शकतं आणि एकट्याच्या बळावर सरकार बनवण्याची आशा कोणाला धरता येते, यावरून पक्षपद्धती ओळखायची. 1952 पासून आपल्याकडे या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एकच होतं: काँग्रेस. रजनी कोठारींनी साठच्या दशकात या रचनेला 'काँग्रेस पद्धती' म्हटलं. सत्तेतला पक्षही तोच आणि खरी भांडणंही त्याच्या पोटातच. बाहेरचे विरोधी पक्ष दबाव आणायचे, सरकार बनवण्याच्या बेतात कधी नसायचे.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. 1967 मध्ये काँग्रेसला देशभरात सुमारे 40.8 टक्के मतं पडली आणि 520 पैकी 283 जागा मिळाल्या. 1989 मध्ये 39.5 टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या 529 पैकी 197. मतांत जेमतेम सव्वा टक्क्याचा फरक, जागांत शहाऐंशीचा. मतदाराने काँग्रेसला 1989 मध्ये झिडकारलं असं सरसकट म्हणणाऱ्याने हे दोन आकडे एकदा नीट पाहावेत. दर पाच मतदारांतल्या जवळपास दोघांनी तेव्हाही पंजावरच शिक्का मारला होता.

मग एवढ्या जागा गेल्या कुठे? आपल्या मतमोजणीचा नियम असा की ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, निम्म्याहून जास्त मतांची अट नाही. समजा एका मतदारसंघात काँग्रेसला 40 टक्के मतं आहेत आणि उरलेली 60 टक्के मतं तीन विरोधकांत 30, 20 आणि 10 अशी वाटली गेली आहेत. काँग्रेस दहा टक्क्यांनी जिंकते. आता 30 वाल्याने आणि 20 वाल्याने जागावाटप केलं, एकाने माघार घेतली. काँग्रेसचं एकही मत कमी न होता तिचा उमेदवार दहा टक्क्यांनी पडतो. काँग्रेसचे दिवस फुटलेल्या विरोधकांवर चालले होते. म्हणून आमच्या धंद्यात विरोधी ऐक्याचा निर्देशांक काढतात: विरोधकांच्या एकूण मतांपैकी सर्वांत मोठ्या विरोधकाकडे किती टक्के मतं गेली. काँग्रेसच्या मतांत फारसा फरक नसतानाही हा आकडा वर सरकला की जागा कोसळतात.

1989 मध्ये हेच झालं. व्ही. पी. सिंह यांच्या जनता दलाभोवती राष्ट्रीय आघाडी उभी होती, एन. टी. रामाराव तिचे अध्यक्ष. तिने एकीकडे भाजपशी आणि दुसरीकडे डाव्यांशी जागांचा समझोता केला, आणि हे दोघे एकमेकांच्या शेजारी बसायलाही तयार नव्हते. राजस्थानात 25 पैकी भाजप 13, जनता दल 11 आणि माकप 1, काँग्रेस शून्य. गुजरातेत 26 पैकी भाजप 12, जनता दल 11, काँग्रेस 3. एकास एक लढत म्हणजे काय, ते या दोन राज्यांच्या निकालपत्रांत दिसतं.

पण विरोधक एकत्र आले म्हणून काँग्रेस हरली, एवढ्यावर थांबलो तर तुमचा प्रश्न तसाच राहतो. विरोधक 1977 मध्ये याहून जास्त एकत्र आले होते.

1977 मधली एकजूट आठवा. जनसंघ, संघटना काँग्रेस (1969 च्या फुटीत इंदिरा गांधींच्या विरोधात राहिलेली काँग्रेस), भारतीय लोकदल आणि समाजवादी हे सगळे एका झेंड्याखाली आले. जगजीवनराम आपला गट घेऊन बरोबर आले. निवडणूक इतकी घाईत झाली की पक्षाचं रीतसर विलीनीकरण व्हायचं बाकी होतं आणि उमेदवार बहुतेक ठिकाणी लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर उभे होते. उत्तर प्रदेशातल्या 85 पैकी 85 आणि बिहारमधल्या 54 पैकी 54 जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. आजवर कोणत्याही सत्ताधारी पक्षाची त्या पट्ट्यात अशी वाताहत झालेली नाही.

तरी त्या मतदाराने काँग्रेसला कायमचं सोडलं नव्हतं. तो नसबंदीवर, धरपकडीवर, पोलिसी दांडगाईवर चिडला होता. जनता पक्ष म्हणजे त्या रागाचं नाव. लोहियांच्या परंपरेतला समाजवादी, चरणसिंहांच्या मागचा जाट आणि कुर्मी शेतकरी, जनसंघाचा शहरी व्यापारी हे आपापल्या जुन्या ओळखी घेऊन आत आले आणि त्याच ओळखी घेऊन बाहेर पडले. जनता पक्षात राहून रा. स्व. संघाचंही सदस्य असता येतं का, हा दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटला, जुलै 1979 मध्ये मोरारजींचं सरकार पडलं, चरणसिंह पंतप्रधान झाले आणि लोकसभेला एकदाही सामोरे न जाता गेले. 1980 मध्ये जनता पक्षाचे दोन मोठे तुकडे एकमेकांविरुद्ध उभे होते. उत्तर प्रदेशात काँग्रेसला तेव्हा सुमारे 36 टक्के मतं होती आणि तेवढ्यावर 85 पैकी 51 जागा आल्या. नऊ वर्षांनी त्याच राज्यात सुमारे 32 टक्के मतांवर 15 जागा आल्या.

1980 च्या त्या 36 टक्क्यांत कोण होतं? ब्राह्मण, दलित आणि मुसलमान, हा उत्तर प्रदेशातला काँग्रेसचा जुना पाया. मधल्या शेतकरी जातींपैकी मोठा भाग 1967 नंतर चरणसिंहांनी नेलाच होता. पण वरचा एक आणि खालचे दोन गट हातात असेपर्यंत तिरंगी लढतीत काँग्रेस जिंकत राहायची. 1977 मध्ये हा पाया डळमळला, फुटला नाही. शेजारच्या बिहारमध्ये बेलछीत दलितांचं हत्याकांड झालं तेव्हा इंदिराबाई चिखलातून, हत्तीवर बसून तिथे पोहोचल्या. त्यातलं राजकारण कोणालाही कळत होतं, पण दलित मतदाराला तेव्हा दुसरं कोण विचारत होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. त्याच्यासाठी दुसरं दार नव्हतंच.

ते दार 1984 मध्ये उघडलं. 14 एप्रिलला कांशीराम यांनी बहुजन समाज पक्ष स्थापन केला. या पक्षाचं काम जवळून पाहायचं तर तेव्हाच्या पश्चिम उत्तर प्रदेशातल्या बिजनौर-हरिद्वार पट्ट्यातले निकाल ओळीने लावावेत. 1985 मध्ये बिजनौरला पोटनिवडणूक झाली. काँग्रेसच्या मीरा कुमार जिंकल्या, रामविलास पासवान दुसरे, आणि तिशीही न गाठलेल्या मायावती तिसऱ्या. 1987 मध्ये हरिद्वारची पोटनिवडणूक झाली, तिथे मायावती दुसऱ्या. 1989 मध्ये बिजनौरमधून त्या लोकसभेत पोहोचल्या. पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी हरवण्यासाठी आणि तिसरी जिंकण्यासाठी लढायची, असं कांशीराम कार्यकर्त्यांना सांगत असत, आणि या पट्ट्यात ते जवळजवळ अक्षरशः खरं झालं. 1989 मध्ये बसपला देशभरात मूठभरच जागा मिळाल्या. दिल्लीतल्या विश्लेषकांनी त्या 'इतर' या रकान्यात टाकल्या. पण उत्तर प्रदेशात या पक्षाने सुमारे 10 टक्के मतं घेतली होती. माझ्या दृष्टीने त्या निवडणुकीतला सर्वांत मोलाचा आकडा हाच. चार-चार टक्क्यांनी जागा फिरणाऱ्या राज्यात काँग्रेसच्या पायातला एक सबंध दगड निघून दुसरीकडे बसला होता.

मुसलमान मतदाराचं जाणं वेगळ्या वाटेने झालं. 1986 च्या फेब्रुवारीत अयोध्येतल्या बाबरी मशिदीचं कुलूप उघडलं, त्याच वर्षी मुस्लिम घटस्फोटितेच्या पोटगीवरचा शाहबानो निकाल फिरवणारा कायदा आला, 1987 मध्ये मेरठचा दंगा आणि हाशिमपुऱ्यात पोलिसांनी केलेलं हत्याकांड, 1989 च्या ऑक्टोबरात बिहारमध्ये भागलपूरचा दंगा, आणि मतदानाला दोन आठवडे उरले असताना 9 नोव्हेंबरला अयोध्येत राममंदिराचा शिलान्यास. राजीव गांधींच्या सरकारने दोन्ही बाजूंना सांभाळायला जाऊन दोन्हींचा विश्वास गमावला. मुसलमान मतदार जनता दलाकडे, म्हणजे उत्तर प्रदेशात मुलायमसिंहांकडे आणि बिहारमध्ये लालूप्रसादांकडे सरकला. सवर्ण मतदार भाजपकडे वळू लागला. त्याची पक्की वस्ती मात्र 1991 मध्ये झाली.

उत्तर प्रदेश आणि बिहार मिळून तेव्हा 139 जागा होत्या. 1984 मध्ये त्यातल्या 131 काँग्रेसकडे होत्या, 1989 मध्ये उरल्या 19. दक्षिणेने काँग्रेसला भरभरून दिलं: आंध्रात 42 पैकी 39, कर्नाटकात 28 पैकी 27, तमिळनाडूत 39 पैकी 27. तरी बहुमत आलं नाही.

उत्तर प्रदेशात विधानसभेचीही निवडणूक त्याच वेळी झाली. जनता दलाला 425 पैकी 208 जागा मिळाल्या, डिसेंबरात मुलायमसिंह मुख्यमंत्री झाले. नारायण दत्त तिवारी हे त्या राज्याचे आजवरचे शेवटचे काँग्रेसी मुख्यमंत्री. बिहारमध्ये काही महिन्यांनी जगन्नाथ मिश्र गेले, तेही शेवटचेच. 1977 च्या सफाईनंतर तीन वर्षांत दोन्ही राज्यं परत मिळाली होती. 1989-90 नंतर आजतागायत मिळालेली नाहीत.

घरं बांधली जातात ती निकालानंतर, हे लोक विसरतात. निवडणूक फक्त जागा मोकळी करून देते. ऑगस्ट 1990 मध्ये व्ही. पी. सिंहांनी इतर मागासवर्गीयांना केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत आरक्षण देण्याची मंडल आयोगाची शिफारस लागू केली, सप्टेंबरात सोमनाथहून अडवाणींची रथयात्रा निघाली, ऑक्टोबरात समस्तीपूरला त्यांना अटक झाली, भाजपने पाठिंबा काढला आणि 7 नोव्हेंबरला सरकार 142 विरुद्ध 346 मतांनी पडलं. सरकार म्हणून ते अकरा महिनेच चाललं. पण या अकरा महिन्यांत प्रत्येक मतदारगटाला आपला पक्ष कोणता हे कळलं. जनता पक्ष फुटला तेव्हा मतदार मोकळा झाला होता. जनता दल फुटलं तेव्हा प्रत्येक तुकडा आपापला मतदार घेऊन निघाला: समाजवादी पक्ष, राष्ट्रीय जनता दल, समता पक्ष, बिजू जनता दल. एका राज्यापुरता पक्ष, एक नेता, एक पक्का सामाजिक आधार. जनता दल नावाचा पक्ष हरवला आणि त्याने जन्माला घातलेली पक्षपद्धती टिकली, हे मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं.

यात पक्षांतरबंदी कायद्याचाही हात आहे असं मी मानतो. 1985 च्या त्या कायद्याने एकट्यादुकट्याचं पक्षांतर अडवलं, पण एक तृतीयांश आमदार-खासदार फुटले तर त्यांना वेगळा गट म्हणून मान्यता होती. त्यामुळे नाराज माणसाला गट बांधावा लागे, गटाला नाव, नावाला चिन्ह. 2003 मध्ये ही सवलत काढून टाकली गेली, तोवर नव्वदच्या दशकातले बरेच पक्ष तयार झाले होते.

घर गमावलेल्या पक्षाचं पुढे काय होतं, हे उत्तर प्रदेशात फार निर्दयपणे दिसतं. 1991 मध्ये तिथे काँग्रेसची मतं सुमारे 18 टक्क्यांवर आली, जागा 5. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश, म्हणजे सोळा-सतरा टक्के मतं मिळाली नाहीत की अनामत जप्त होते. सरासरीच 18 असेल तर कितीतरी मतदारसंघांत उमेदवार त्या रेषेखाली जातो. मतदार उशिरा हलतो, उमेदवार आधी. ज्याच्याकडे पैसा आहे, माणसं आहेत, दोन-चार गावांत शब्द चालतो, तो दुसऱ्यांदा अनामत घालवायला उभा राहत नाही; तो तिकीट मागायला दुसऱ्या दारात जातो. त्याच्याबरोबर बूथवर बसणारी माणसं जातात. मग 1996 मध्ये काँग्रेसने बसपशी युती करून विधानसभेच्या सुमारे 300 जागा सोडून दिल्या. त्या प्रत्येक जागेवरच्या कार्यकर्त्याला दुसऱ्याच्या हत्तीचा, म्हणजे बसपच्या चिन्हाचा, प्रचार करायला लावला. त्याच वर्षी आधी झालेल्या लोकसभेत काँग्रेसची मतं सुमारे 8 टक्क्यांवर आलीच होती, आणि 1998 मध्ये राज्यातून एकही खासदार आला नाही. पक्षाने स्वतःच्या हाताने संघटना मोडल्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला आपल्या देशात सापडलेलं नाही.

कोणी म्हणेल, पण 1991 मध्ये काँग्रेस सत्तेत आलीच की. आली, नरसिंह रावांनी पाच वर्षं सरकारही चालवलं. पण 232 जागांवर, बहुमताशिवाय. 1989 पासून 2014 पर्यंत सलग सात लोकसभांत एकाही पक्षाला स्वबळावर बहुमत मिळालं नाही. 1989 आधी 1977 सकट प्रत्येक लोकसभेत कोणत्या ना कोणत्या पक्षाला ते मिळालं होतं. सत्ता काँग्रेसकडे पुन्हा आली, 'काँग्रेस पद्धती' आली नाही.

दुसरा कायमचा बदल 1967 मध्ये तमिळनाडूत झाला होता. द्रमुकने तेव्हाच्या मद्रास विधानसभेत 234 पैकी 137 जागा घेतल्या. पुढे द्रमुक फुटून अण्णाद्रमुक झाला, पण नाराज मतदार एका द्रविड घरातून दुसऱ्यात गेला, काँग्रेसकडे परतला नाही. त्याच वर्षी उत्तरेत आठवडा-पंधरवड्याच्या हिशोबाने जोडतोड करून उभी राहिलेली संयुक्त विधायक दलाची, म्हणजे काँग्रेसविरोधी पक्षांच्या आघाड्यांची, सरकारं मात्र वाहून गेली.

परदेशातलं एकच उदाहरण देतो, कारण ते फार बोलकं आहे. कॅनडात आपल्यासारखाच मतमोजणीचा नियम आहे. 25 ऑक्टोबर 1993 च्या निवडणुकीत सत्तेतला प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष 295 पैकी दोन जागांवर आला. 1988 मध्ये त्याला 169 होत्या. पंतप्रधान किम कॅम्पबेल स्वतः पडल्या. पक्षाला 16 टक्के मतं होती, पण ती देशभर पसरलेली. फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतापुरत्या ब्लॉक केबेक्वाला साडेतेरा टक्के मतांवर 54 जागा मिळाल्या आणि देशापासून वेगळं होऊ पाहणारा तो पक्ष अधिकृत विरोधी पक्ष झाला. पश्चिमेकडच्या उजव्या रिफॉर्म पक्षाला 52 मिळाल्या, त्यातल्या 46 अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया या दोनच प्रांतांतून. क्वेबेकच्या घटनात्मक दर्जावरच्या करारांवरून नाराज झालेले दोन्ही टोकांचे मतदार आपापल्या प्रांतातल्या नव्या पक्षात गेले. उजव्या मतांची ही फूट भरून यायला दशक लागलं. 2003 मध्ये प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह आणि रिफॉर्मचा वारस पक्ष विलीन झाले, आणि विलीन झालेल्या पक्षाचं पहिलं नेतृत्व रिफॉर्मच्याच मुशीतून आलेल्या स्टीफन हार्पर यांच्याकडे गेलं. विखुरलेली 16 टक्के मतं आणि एका ठिकाणी साठलेली साडेतेरा टक्के मतं यांत केवढं अंतर असतं, हे कळलं की लालू, मुलायम आणि करुणानिधी दिल्लीत का मोजले जाऊ लागले तेही कळतं.

आता महाराष्ट्र. इथे 1989 मध्ये काँग्रेसला 48 पैकी 28 जागा मिळाल्या, उत्तरेसारखं काहीच झालं नाही, म्हणून आपल्याकडे 1989 चं महत्त्व कमी लेखतात. मला ते पटत नाही. इथे बदल विरोधी बाजूला झाला. 1985 च्या विधानसभेत शरद पवारांच्या समाजवादी काँग्रेसचे 54 आमदार होते. पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दल या काँग्रेसविरोधी आघाडीच्या) छत्राखाली जनता पक्ष, शेकाप आणि भाजपही होते. शिवसेनेचे एकटे छगन भुजबळ. डिसेंबर 1986 मध्ये औरंगाबादला राजीव गांधींच्या उपस्थितीत पवारांनी आपला पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला आणि राज्यातली विरोधी पक्षाची खुर्ची एका दिवसात रिकामी झाली. पण काँग्रेसवर नाराज असलेला गावोगावचा मतदार काही त्या व्यासपीठावर नव्हता. तो होता तिथेच राहिला, बिनपक्षाचा.

1988 मध्ये औरंगाबाद महापालिकेत शिवसेना सर्वांत मोठा पक्ष झाली. 1989 मध्ये सेना-भाजप युती झाली, भाजपने राज्यातून 10 खासदार निवडून आणले, औरंगाबादहून सेनेचे मोरेश्वर सावे गेले. पुढच्याच वर्षी विधानसभेत सेना 52 आणि भाजप 42. मराठवाड्यातल्या तरुणाला साखर कारखाना, जिल्हा बँक, झेडपी या उतरंडीत वर जायला वडील किंवा काका लागत. शाखेचा बोर्ड लावायला काही लागत नव्हतं. याच उतरंडीने काँग्रेसला इथे वाचवलंही. उत्तर प्रदेशात पक्ष हरला की कार्यकर्त्याच्या हातात काही उरत नसे. इथे लोकसभा गेली तरी कारखाना असतो, सोसायटी असते, दूध संघ असतो. म्हणून आपल्याकडे काँग्रेसचा मतदार एका निवडणुकीत उठून गेला नाही, पिढीभर हळूहळू गेला.

कोकणातला राजापूर मतदारसंघ मी विद्यार्थ्यांना नेहमी काढायला सांगायचो. नाथ पै तिथून 1957 पासून निवडून येत. त्यांच्यानंतर 1971 पासून मधू दंडवते. 1984 च्या लाटेतही दंडवते टिकले. 1989 मध्ये जिंकून ते देशाचे अर्थमंत्री झाले, आणि 1991 मध्ये काँग्रेसच्या सुधीर सावंत यांच्याकडून हरले. 1996 मध्ये तिथून शिवसेनेचे सुरेश प्रभू निवडून आले. तीन दशकं समाजवाद्यांचं म्हणून ओळखलं गेलेलं घर पाच वर्षांत मोडलं, आणि काँग्रेसविरोधाची सवय असलेला तो मतदार काँग्रेसकडे फार काळ थांबला नाही, सेनेत गेला. दंडवत्यांसारखा माणूस हरला याचं मला आजही वाईट वाटतं. पण माणूस मोठा असला तरी त्याच्यामागचा पक्ष उरला नाही की मतदारसंघ टिकत नाही.

अजून एक गोष्ट नोंदवतो. 1985 मध्ये काँग्रेसला 161 जागा मिळाल्या, त्यानंतर महाराष्ट्रात कोणत्याही एका पक्षाला 145 चा आकडा गाठता आलेला नाही. 1990 मध्ये काँग्रेस 141 वर अडली, 2024 मध्ये भाजप 132 वर. लोकसभेत 2014 ला एकपक्षीय बहुमत परत आलं, आपल्या विधानसभेत आलंच नाही.

एखादी निवडणूक कायमचा बदल करून गेली की नुसतं सरकार बदलून गेली, हे ओळखायचं असेल तर विजेत्यांची यादी बाजूला ठेवा आणि प्रत्येक मतदारसंघात दुसरं कोण आलं ते पाहा. हरलेला पक्ष बहुतेक ठिकाणी दुसरा असेल तर तो परत येऊ शकतो. 1977 मध्ये उत्तरेत काँग्रेस बहुतांश जागी दुसरीच होती. तो तिसरा-चौथा झाला असेल, आणि पुढच्या निवडणुकीतही तिथेच राहिला, तर त्याचा मतदार स्थिरावला असं समजायला हरकत नाही. एका निकालावर हा शेरा मारू नये, किमान दोन निवडणुका जाऊ द्याव्यात. 1989 चं महत्त्वही 1991 आणि 1996 चे निकाल लागल्यावरच स्पष्ट झालं.

म्हणूनच महाराष्ट्राची पक्षपद्धती 2022-23 च्या फुटींनी बदलली का, असं मला कोणी विचारलं तर मी अजून 'हो' म्हणत नाही. 2024 च्या लोकसभेत महाविकास आघाडीला 48 पैकी 30 जागा मिळाल्या. सहाच महिन्यांनी विधानसभेत उद्धव ठाकऱ्यांची सेना 20 वर, शरद पवारांची राष्ट्रवादी 10 वर आणि काँग्रेस 16 वर आली. सहा महिन्यांत इतका फिरलेला मतदार अजून कुठेच राहायला गेलेला नाही. जिथे दोन सेना किंवा दोन राष्ट्रवादी समोरासमोर लढल्या, त्या मतदारसंघांत हरलेला गट पुढच्या विधानसभेतही दुसरा राहतो की तिसरा होतो, ते आधी दिसू द्या.